धुराचे स्थलांतर

१९८१ च्या मार्च महिन्यात निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडला होता. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी बायकापोरांसह रस्त्यावर येऊन बसले होते. ज्या डांबरावरून रात्रंदिवस मालट्रक धावायचे, तिथे चुली पेटल्या, भाकऱ्या भाजल्या जाऊ लागल्या, रात्री भजने होऊ लागली. लोक त्या जागेला आंदोलननगरी म्हणू लागले. ६ एप्रिलला पोलिसांनी ती नगरी उठवली. गोळीबार झाला, शेतकरी मरण पावले. आमच्या सीमाभागातल्या जुन्या माणसाला ही तारीख आठवून द्यावी लागत नाही.

त्याच दिवसांत, २९ मार्च १९८१ रोजी, दिल्लीत हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. हवेसाठी स्वतंत्रपणे केलेला हा आपला पहिला देशव्यापी कायदा. चिमणीतून काय बाहेर पडावे, किती पडावे, ते कुणी तपासावे, हे त्याने ठरवायला घेतले.

निपाणीत मात्र हवेचा प्रश्न चिमणीबाहेर नव्हता, वखारीत होता. विडीच्या तंबाखूच्या वखारींत बायका पाला कुटायच्या, चाळायच्या, काड्या वेगळ्या काढायच्या. दिवसभर खकाणा उडायचा. नाकातोंडाला पदर बांधला तरी खाट घशापर्यंत पोहोचायचीच. शेतकऱ्यांचे आंदोलन उभे राहिले त्याच सुमारास या बायकाही चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली एकत्र येत होत्या. सुभाष जोशी त्यांचे नेते होते. १९८२ मध्ये दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने या बायकांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. पडद्यावर दिसते ती वखार, तो खकाणा आणि मजुरीबरोबर माणूसपण मागणाऱ्या बायका.

नवा कायदा बाहेरच्या, मोकळ्या वातावरणाचा होता. वखारीच्या आतली हवा त्याच्या कक्षेत येत नव्हती. तिच्यासाठी १९४८ चा कारखाना कायदा होता आणि त्याच्या चौदाव्या कलमात धूळ आणि वाफा हटवण्याची व्यवस्था मालकाने करावी असे लिहिलेलेही होते. पण आत किती खकाणा आहे याचा आकडा रोजच्या रोज भिंतीवर लागला असता, तर त्या बायकांना तो खोकून सिद्ध करावा लागला नसता.

आपल्या शहरांच्या हवेचा इतिहास वाचताना मला ही वखार सतत आठवते. दिल्लीचा आकडा एवढा, मुंबईचा तेवढा, अशी तुलना आपण रोज वाचतो. त्या आकड्यांमागे दीडशे वर्षांची एक हालचाल आहे. धूर एका ठिकाणाहून हटवला की बहुतेक वेळा तो दुसरीकडे जाऊन बसला. मोजणारे यंत्र त्याच्या मागून, बऱ्याच उशिराने गेले, आणि तेही आधी मोठ्या गावाला.

चिमणीकडे बघणारे निरीक्षक

गोष्ट मुंबईपासून सुरू करावी लागते. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी चालू झाली. शतक संपेपर्यंत शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गिरणीला वाफेचे इंजिन, इंजिनाला बॉयलर, बॉयलरला कोळसा आणि कोळशाला उंच चिमणी. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार राहात होता तो या चिमण्यांच्या सावलीतच. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसायची. तिच्याविषयी तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

तक्रार पुढे कायद्यात आली. कलकत्त्यासाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये धूर-उपद्रवाचे कायदे झाले. आयोग नेमले गेले, निरीक्षक आले. त्या काळी धूर मोजण्याचे जगभरचे साधन म्हणजे पॅरिसचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८० च्या दशकात केलेला एक तक्ता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, हळूहळू दाट होत जाणाऱ्या. निरीक्षकाने दूर उभे राहायचे, चिमणीचा धूर तक्त्याशी ताडून पाहायचा आणि किती मिनिटे धूर किती काळा होता याची नोंद करायची. गंधकाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, तो या तक्त्यात कुठेच नव्हता. काळेपणा हाच गुन्हा होता. तरीही हवेबद्दलची तक्रार नोंदवहीत उतरली, हे या मोजमापाचे मोठे काम.

वीज आली, खोरे बुडाले

गिरणगावचा धूर कमी व्हायला खरा हातभार लावला तो घाटावरच्या पावसाने. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारे पाणी अडवून त्यातून मुंबईसाठी वीज करायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले. पुढे ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला कामाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून वीज वाहू लागली. वळवण, शिरवते, लोणावळा या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरून जनित्रे फिरवू लागले. या विजेची पहिली मोठी गिऱ्हाइके गिरण्याच होती. बॉयलरच्या जागी मोटारी येत गेल्या, तशी कोळशाची मागणी घटत गेली.

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती अर्धी राहते. विजेची भूक वाढली तेव्हा धरणाची नजर मुळशीच्या खोऱ्यावर गेली. पन्नासच्या आसपास गावे, भाताची खाचरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे तुरुंगात गेले. धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले. परळच्या आकाशातली काजळी विरळ झाली, तिची किंमत मुळशीच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीने मोजली. शहराच्या हवेचा हिशेब मांडताना ही रक्कम जमेला धरली जात नाही.

लालबाग, चेंबूर आणि खार

स्वातंत्र्यानंतर मुंबईचा धूर पूर्वेकडे सरकला. १९५४-५५ मध्ये तुर्भे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आले, त्यांच्यामागून औष्णिक वीज आणि खत कारखाना. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबूर’ म्हणू लागले. त्या नावात थट्टा कमी आणि जळजळणारे डोळे अधिक होते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोलाचे काम केले. हवेत वायू किती एवढेच न पाहता त्यांनी माणसे तपासली. लालबाग, चेंबूर आणि खार अशा वेगवेगळ्या हवेच्या वस्त्या निवडल्या, तुलनेला ग्रामीण भाग घेतला, आणि खोकला, धाप, छातीचे आजार यांच्या नोंदी केल्या. जिथे गंधकाचा वायू अधिक, तिथे खोकणारी आणि धापा टाकणारी माणसे अधिक. एकाच शहरात पत्ता बदलला की फुप्फुसही बदलते, हे आपल्याकडे असे आकड्यांनिशी पुढे आले.

लंडनने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला होता. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाचा धूर आणि धुके शहरावर झाकणासारखे बसले. आधी चार हजार मृत्यू धरले गेले, नंतरच्या अभ्यासकांनी बारा हजारांपर्यंत अंदाज केला. १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला.

मुंबईत गंधकाचा वायू पुढच्या दशकांत खरोखर उतरला. कारखान्यांना नैसर्गिक वायू मिळाला, इंधनातले गंधक कमी झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. कापडाचे काम मात्र थांबले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले यंत्रमाग आधीपासून वाढत होतेच, ते आणखी वाढले. लालबागची हवा हलकी झाली ती काही अंशी कामगारांच्या विझलेल्या चुलींवर. शहराची हवा सुधारल्याचा आलेख पाहताना हे विसरणे मला जमत नाही.

मग वाहनांची पाळी आली. मुंबई उच्च न्यायालयात नागरिकांनी दाद मागितली, काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्षात दहा भागांवर आले. प्रत्येक गाडी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाली. पण गाड्या इतक्या वाढल्या आणि बांधकामांची धूळ इतकी उडू लागली, की एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने गेले.

गाळणीचे वजन

या सगळ्या काळात मोजण्याची रीतही बदलत होती, आणि जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना ती ध्यानात घ्यावीच लागते. नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून तिचे नाव नीरी. या संस्थेने १९७८ पासून दहा शहरांतल्या हवेची नियमित मोजणी सुरू केली. केंद्रीय प्रदूषण मंडळाचे राष्ट्रीय जाळे १९८४ मध्ये आग्रा आणि अनपारा इथल्या सात केंद्रांनी सुरू झाले. आज त्याची केंद्रे आठशेच्या वर आहेत.

या केंद्रांची पद्धत साधी आणि कष्टाची आहे. काचतंतूंची गाळणी आधी वजन करून यंत्रात ठेवायची, चोवीस तास तिच्यातून हवा ओढायची, पुन्हा वजन करायचे. वाढलेले वजन म्हणजे त्या हवेतली धूळ. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस. कुणीतरी कर्मचारी उन्हातान्हात शिडी चढून गच्चीवर जातो, गाळणी बदलतो, तेव्हा कुठे वर्षाअखेरीचा एक आकडा तयार होतो.

आरंभी हवेत तरंगणारी सगळीच धूळ मोजत. १९९४ च्या मानकांत दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची वेगळी नोंद आली. २००९ मध्ये एकूण धुळीचे मानक गेले आणि अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, यादीत आले. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे हे कण नाकाच्या गाळणीला जुमानत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात आणि रक्तातही शिरतात.

१९९४ च्या मानकांतली एक गोष्ट मात्र मला कायम बोचते. त्यात एकूण धुळीची वार्षिक मर्यादा राहत्या वस्तीला घनमीटरमागे १४० मायक्रोग्रॅम होती, औद्योगिक भागाला ३६०. जणू कारखान्याशेजारच्या माणसाचे फुप्फुस अडीचपट धूळ पेलू शकते. आमच्याकडे उद्यमबागेच्या फौंड्र्या आणि अनगोळची घरे यांच्यात किती अंतर आहे ते बेळगावकराला ठाऊक आहे. माग घरातच असलेल्या विणकराने स्वतःला कोणत्या रकान्यात बसवायचे होते? २००९ ने हा भेद काढून टाकला. पीएम १० ला ६०, पीएम २.५ ला ४०, घर असो की कारखाना. माझ्या मते हवेच्या कायद्यांतली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी सुचवलेली वार्षिक पातळी तर केवळ ५ आहे.

शहराशहरांतला फरक निव्वळ धुराच्या प्रमाणावर ठरत नाही. भूगोल त्यात निम्मा वाटेकरी असतो. मुंबईला समुद्र आहे, त्याचे वारे रोज शहर झाडून काढतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी साथ दिली नाही, तेव्हा काही दिवस मुंबईचे आकडे दिल्लीच्या पंगतीला जाऊन बसले. दिल्लीला समुद्र नाही. हिवाळ्यात जमीन लवकर गार होते, गार हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि आतला धूर तिथेच घोटाळतो. म्हणून तिथे पीएम २.५ ची वर्षाची सरासरी शंभरच्या आसपास जाते. बीजिंगचा भूगोलही सोपा नाही. तरी तिथे २०१३ मध्ये नव्वदच्या जवळ असलेली पीएम २.५ ची सरासरी २०२१ मध्ये ३३ वर आली, कारण कोळसा, कारखाने आणि वाहने यांच्यावर एकदमच हात घातला गेला. भूगोल नशिबी येतो, पण निम्मा हिशेब माणसाच्या हातात राहतो.

यादीत नसलेले गाव

१० जानेवारी २०१९ रोजी केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. सलग पाच वर्षे मानकांपेक्षा वाईट हवा असलेली १०२ शहरे त्यात आली. महाराष्ट्रातली सतरा, त्यांत कोल्हापूर आणि सांगली. कर्नाटकातली चार, त्यांत हुबळी-धारवाड. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर अशी एकाच महामार्गाची माळ. उत्तरेला ११० किलोमीटरवरचे कोल्हापूर यादीत, दक्षिणेला पाऊणशे किलोमीटरवरचे धारवाड यादीत. मधले बेळगाव यादीत नाही.

याचे एक कारण सुखाचे आहे. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कडेला आहे. पश्चिमेचा वारा खानापूरच्या जंगलावरून येतो आणि चार महिने पाऊस आभाळ धुऊन काढतो. ‘गरिबांचे महाबळेश्वर’ हे नाव उगीच पडलेले नाही. दुसऱ्या कारणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. यादीत यायचे तर आधी पाच वर्षांची नोंद हवी. ज्या छोट्या गावात मोजणीच नाही, त्याची हवा कागदोपत्री कधीच बिघडत नाही. निपाणीची वखार आणि बेळगावच्या वडगावातली विणकराची माग असलेली खोली यांना हा नियम तंतोतंत लागू पडतो.

बेळगावच्या भट्टीचा इतिहास जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलींचे दुकान काढले, मग कडबाकापणी यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. गावाच्या वाढीसाठी त्यांची जागा गेली तेव्हा औंधच्या राजांनी आसरा दिला आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारण धुराचे नव्हते, पण क्रम तोच: गाव वाढते, भट्टी वेशीबाहेर जाते, पुढे गाव पुन्हा भट्टीला गाठते. उद्यमबागेचेही तसेच झाले. कपोला भट्टीत कोक, बिडाचे तुकडे आणि चुनखडीचे थर रचून खालून पंख्याने वारा घातला, की पहिल्या अर्ध्या तासाचा धूर कुणापासून लपत नाही. अशाच धुरावरून ३० डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या २९२ उद्योगांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायू घ्या किंवा जागा बदला असे सांगितले. संगमरवर काळवंडतो हे न्यायालयाला दाखवता आले. सामान्य गावात संगमरवराच्या जागी फुप्फुसे असतात, आणि ती कुणाला बाहेरून दिसत नाहीत.

आता पुष्कळ फौंड्र्यांत विजेची इंडक्शन भट्टी आली आहे. शेजारच्या वस्तीला त्याचा खरा फायदा आहे. पण आपली वीज शरावती आणि काळीच्या पाण्यातून येते तशी रायचूरच्या कोळशातूनही येते. खोपोलीची गोष्ट इथे उलटी फिरते. त्या वेळी मुंबईच्या धुरासाठी मुळशी बुडाली, या वेळी बेळगावच्या धुराचा काही वाटा रायचूरच्या चिमणीखालच्या गावांकडे जातो.

वडगाव-खासबाग-शहापूर हा विणकरांचा पट्टा. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि खटखटीबरोबर खोलीतले तंतूही वाढले. संध्याकाळी माग बंद झाला की भुवयांवर, पापण्यांवर पांढरी लव बसलेली असते. गावाला लागून भाताची शेते आहेत, बेळगाव बासमतीचा वास याच मातीला. याच शेतांतून हलगा-मच्छे बायपास काढायला वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, मजगावचे शेतकरी वर्षानुवर्षे विरोध करत आले, न्यायालयात गेले. बायपासमुळे शहरातली गर्दी हलकी होईल हे खरे. पण गर्दीबरोबर तिचा धूरही शेतात जातो. त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे जमिनीचे आहे आणि ते रास्त आहे. मला त्यात मुळशीचा जुना प्रश्नही ऐकू येतो: एकाचा श्वास मोकळा करायला दुसऱ्याची काय किंमत धरायची?

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. महाराष्ट्राचे प्रदूषण मंडळ १९७० चे, कर्नाटकाचे १९७४ चे. दोघांची दफ्तरे वेगळी, भाषा वेगळी. कागलचा वारा निपाणीत येताना नाक्यावर थांबत नाही. भाषेसाठी आणि भूमीसाठी या भागाने १९५६ पासून पुष्कळ सोसले आहे. हवेसाठी तरी दोन्ही मंडळांनी एकच नोंदवही ठेवावी, एवढे मागणे दोन्ही बाजूंच्या लोकांना पटेल असे मला मनापासून वाटते. पहिली चार पाने निपाणीची वखार, उद्यमबागेची भट्टी, वडगावचा माग आणि बायपासकडेचे भातशेत यांची असावीत.

डिसेंबरच्या पहाटे येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढलात, तर खाली एक करडा थर पसरलेला दिसतो. त्यात चुलीचा धूर आहे, भट्टीचा आहे, ट्रकचा आहे आणि धुकेही आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ त्या थरात वेगळे ओळखू येत नाहीत. नऊ वाजता ऊन चढते, झाकण उघडते, थर विरतो आणि आम्ही खाली उतरून त्याच हवेत कामाला लागतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत हाती काळ्या-पांढऱ्या रेघांचा तक्ता घेतलेल्या निरीक्षकाकडे साधने फार थोडी होती. पण तो रोज मान वर करून चिमणीकडे बघत होता आणि पाहिले ते लिहीत होता.